जुनं शिवणयंत्र: ओळखायचं, चालतं करायचं आणि जपायचं

जानेवारीतली सकाळ होती. कसबा पेठेतला एक वाडा पाडायचं ठरलं होतं आणि तिथल्या काकूंचा फोन आला, "मशीन जाम झालंय गं. रविवारी भंगारवाला येणार आहे, त्याच्या आत एकदा बघून जा." गेले. काळं हातमशीन, अंगावर सोनेरी नक्षी, पण चाक तसूभरही हलेना. सुईजवळची सरकती पट्टी बाजूला केली तर शटलच्या, म्हणजे खालचा दोरा वाहणाऱ्या भागाच्या, खोबणीत पांढरट, मेणासारखा थर दिसला. बोटावर घेऊन चोळला तसा तो विरघळला. वास घेतला, तर खोबरेल!

"दर हिवाळ्यात असंच अडून बसतं, उन्हाळ्यात परत चालतं," काकू म्हणाल्या. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो. मशीन अंगणातल्या उन्हात दोन तास ठेवलं, चाक फिरायला लागलं. त्यात मोडलेलं काहीच नव्हतं.

अशी कितीतरी मशीनं वजनावर मोडीत जाताना मी पाहिली आहेत. बिडाचं, दोन पिढ्या चाललेलं आणि अजून दोन पिढ्या चालेल असं यंत्र, केवळ 'जाम झालंय' म्हणून जातं. माझ्याकडे आज चौदा मशीनं आहेत आणि चौदाही टीप मारतात. ती जमवताना, सोडवताना जे शिकले ते क्रमाने लिहिते. माझा आग्रह एकच आहे: मशीन काय आहे हे ओळखल्याशिवाय त्याला फडकंसुद्धा लावू नका.

आधी ओळख

आपल्याकडच्या घरांत सापडणारं जुनं विलायती मशीन बहुतेक वेळा सिंगर असतं, आणि त्यातलंही बरंचसं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किल्बोवी कारखान्यात घडलेलं. हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. मॉडेलच्या आकड्यापुढे 'के' असेल, म्हणजे १५के, ६६के, २०१के, तर तो के किल्बोवीचाच.

मशीनच्या उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी पाहा. तिथे धातूतच ठोकलेला क्रमांक असतो. शंभर वर्षांची धूळ आणि तेल त्यावर बसलेलं असतं, म्हणून कापसाच्या बोळ्याला शिलाई मशीनचं तेल लावून हलक्या हाताने पुसा आणि बॅटरीचा उजेड तिरका टाका. आकडे उठून दिसतात. नुसते आकडे असतील, आधी एकही अक्षर नसेल, तर सिंगर १९०० च्या आधीचं समजा. १९०० पासून आकड्यांआधी रोमन अक्षर येऊ लागलं. 'वाय' असेल तर क्लाइडबँक, १९२० च्या दशकापासून १९३५ च्या आसपासपर्यंतचं. 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर क्लाइडबँकच, पण १९३५ पासून पुढचं. 'ए'ने सुरू होणारी दोन अक्षरं अमेरिकेतल्या एलिझाबेथपोर्टची. एकटं 'सी' जर्मनीतल्या विटेनबर्गे कारखान्याचं. क्रमांक कारखान्याला गठ्ठ्याने दिले जात, त्यामुळे त्यातून कळतं ते गठ्ठा वाटल्याचं वर्ष. मशीन दुकानातून घरी आलं ते त्यानंतर कधीतरी. 'आजीच्या लग्नात १९३८ साली घेतलं' असं घरचे सांगतात आणि क्रमांक १९३६ चा निघतो, तेव्हा दोन्ही खरं असू शकतं.

पितळी बिल्ल्याभोवती निळी कडा आणि त्यावर १८५१–१९५१ ही सालं दिसली, तर तो कंपनीच्या शंभरीचा बिल्ला. अशी मशीनं आपल्याकडेही बरीच सापडतात, त्यामुळे 'अतिदुर्मीळ' म्हणून कुणी भाव चढवला तर हुरळून जाऊ नका.

वर्षापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खालचा दोरा कुठे आणि कसा बसतो ते. पट्टी सरकवा आणि बघा.

बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, लांबट, काडीसारखी असेल आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये बसत असेल, तर ते मॉडेल २७ किंवा २८, नाहीतर त्यांची पुढची आवृत्ती १२७ किंवा १२८. सुईच्या पुढे आणि मागे अशा दोन सरकत्या पट्ट्या ही याची खूण. २८ आणि १२८ अंगाने लहान, पाऊण आकाराची. बॉबिन भरायचं छोटं चाक खाली, बैठकीजवळ असेल तर २७ किंवा २८. खांबावर उंच बसवलं असेल तर पुढची आवृत्ती. स्फिंक्सची सोनेरी नक्षी बऱ्याचदा याच घराण्यावर दिसते.

बॉबिन गोल असून सुईजवळच्या पट्टीखाली वरूनच आडवी टाकायची असेल, तर ६६, आणि तेच लहान आकारात असेल तर ९९. या ६६ ची बॉबिन किंचित फुगीर असते. सपाट बॉबिन त्यात बसल्यासारखी वाटते, पण टीप बिघडवते.

बॉबिन केस, म्हणजे बॉबिन ठेवायची डबी, डावीकडून, खाली हात घालून उभी बसवायची असेल आणि टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या डाव्या टोकाच्या पत्र्यावर असतील, तर ते १५. आपल्याला हे सगळ्यांत ओळखीचं वाटेल, कारण भारतात घरोघरी असलेलं काळं मशीन याच १५ च्या धर्तीवर बनलं. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० च्या दशकात उषा मशीन बाजारात आणलं, त्यानंतर देशी काळ्या मशीनची रांगच लागली. याचा फायदा आपल्याला आजही होतो. १५ ची बॉबिन, केस, सुई, स्प्रिंग, सगळं कुठल्याही पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. पहिलं मशीन घेणाऱ्याला मी नेहमी १५ च घ्यायला सांगते, मग ते सिंगर असो, उषा असो की युद्धानंतरचं जपानी. देशी मशीनकडे नाक मुरडणारे संग्राहक मला समजत नाहीत. १९५० च्या सुमाराची जुनी उषा टिपेला कुणाला हार जात नाही.

चांभारांकडे दिसतं ते, ज्याचं कापड दाबून धरणारं फूट चहूकडे फिरतं, ते २९के. बूट-चपलांच्या शिवणीसाठी ते उत्तम, पण घरच्या शिवणकामाला उपयोगाचं नाही.

घेताना

पुण्यात तीन वाटा आहेत. एक, पाडायला निघालेले वाडे आणि रिकामे होणारे फ्लॅट. इथे मशीनसोबत त्याची हकिकतही मिळते. दोन, बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणारा जुना बाजार. सकाळी लवकर जा, कारण सुटी शटलं, बॉबिनी, फुटांच्या डब्या दहा वाजेपर्यंत उचलल्या जातात. तीन, आपल्याच गल्लीतला जुना शिंपी. त्याच्या पोटमाळ्यावर काय पडलंय हे त्याचं त्यालाही आठवत नसतं.

चाक फिरत नसेल तर घाबरू नका, पण पुढच्या गोष्टी मात्र नीट पाहा. बिडाच्या अंगाला तडा आहे का, विशेषतः बैठकीला जोडणाऱ्या बिजागऱ्यांजवळ? तडा असेल तर सोडून द्या. शटल किंवा बॉबिन केस जागेवर आहे का? १५ ची केस कुठेही मिळेल, पण ६६ ची आतली केस किंवा २७ चं शटल हरवलेलं असेल तर शोधायला वेळ जातो. सुईखालची पट्टी आणि सरकत्या पट्ट्या आहेत का? गंज वरवरचा आहे की खड्डे पडलेत? नखाने चाचपा. सुईच्या दांडीवर खड्डे पडले असतील तर ती पुढे तेल ओकत राहते. लाकडी पेटीत वाळवीची भोकं आणि ताजी भुकटी दिसली, तर ते लाकूड घरात आणायच्या आधी डोकं, म्हणजे वरचं बिडाचं मशीन, वेगळं करा.

नवीन चिकटवलेल्या नक्षीला फसू नका. जुन्या नक्षीवर, जिथे बाईचा मनगटाचा भाग घासला जायचा, तिथे सोनं विरळ झालेलं असतं. बैठकीच्या पुढच्या कडेला झीज, वरच्या भागात चमक, हे खरं. सगळीकडे सारखंच लखलखीत सोनं, बिल्ला रिव्हेटऐवजी गोंदाने डकवलेला आणि काळ्या रंगाखाली ओतकामाची खरखर, असं असेल तर ते कुणीतरी सजवलेलं आहे.

पूर्ण आकाराचं डोकं बारा-चौदा किलोचं असतं. रिक्षात मांडीवर घेऊन येऊ नका. पायमशीन असेल तर डोकं आणि स्टँड वेगळं करून आणा, पट्टा आधी काढा.

जाम सोडवणं

हात घालण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. स्क्रू ठेवायला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, प्रत्येक खाच म्हणजे एक जागा. सिंगरच्या स्क्रूंचे आटे त्यांचे स्वतःचे आहेत, बाजारातला साधा स्क्रू त्यात बसत नाही. जबरदस्तीने बसवला तर आटा जातो. म्हणून एकही स्क्रू हरवू देऊ नका. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीचं आणि जाडीचं असावं.

पहिली तपासणी दोऱ्याची. निम्म्या जाम मशीनमध्ये दोषी असतो तो शटलमागे किंवा चाकाच्या आत आसाभोवती गुंडाळला गेलेला जुना दोरा. शटल काढा, चिमट्याने तुकडे ओढा. चाकामधला क्लचचा गोल सैल करून चाक बाहेर घ्या आणि तिथलाही दोरा कापून काढा. एका १५ मधून मी हिरव्या रंगाचा जवळजवळ वीतभर गुंता काढला होता. कुणाच्या तरी परकराचा असणार.

दुसरी तपासणी तेलाची. कोणतं तेल घातलं होतं ते रंगावरून कळतं. पांढरट आणि मऊ असेल तर खोबरेल, ते ऊन किंवा केस वाळवायच्या यंत्राने सुटतं. तपकिरी, पिवळसर, नखाला चिकट आणि काचेसारखा कडक थर असेल तर करडईसारखं घरगुती तेल. ही तेलं हवेत हळूहळू वाळून वॉर्निशसारखी होतात. तो थर नुसत्या उन्हाने जात नाही.

अशा वेळी धातूवर धातू घासतो त्या प्रत्येक जागी रॉकेलचा किंवा गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा एकेक थेंब सोडा. रंगावर आणि नक्षीवर जाऊ देऊ नका, खाली फडकं धरा. आणि मग थांबा. एक दिवस पूर्ण. दुसऱ्या दिवशी सांध्यांना गरम हवा द्या आणि चाक दोन्ही बाजूंना किंचित डुलवा, फिरवायला जाऊ नका. केसभर हललं तरी अर्धं काम झालं. पुन्हा थेंब, पुन्हा दिवस. माझं एक २८ सुटायला नऊ दिवस लागले. हातोडी, पाना, चाकाला लावलेली काठी, हे सगळं कपाटातच राहू द्या. बिडाला दया माहीत नाही, ते फक्त तुटतं.

मोकळं झालं की रॉकेल आत राहू देऊ नका. ते धुऊन काढतं, वंगण देत नाही. भरपूर शिलाई मशीनचं तेल सोडा, चाक पन्नास-साठ वेळा फिरवा, खाली येणारी काळी घाण पुसा. स्वच्छ तेल येईपर्यंत हेच करा.

नक्षी आणि कुंकू

इथे मी सावकाश जाणार आहे, कारण बहुतेक मशीनं याच टप्प्यावर खराब होतात. माझ्याकडून एक झालं आहे.

मला मिळालेलं दुसरं मशीन, स्फिंक्स असलेलं. बैठकीवर चिकट थर होता, म्हणून मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. बोळा आधी तपकिरी झाला, मग सोनेरी. मी थांबले तेव्हा स्फिंक्सचा चेहरा राखाडी पडला होता. या जुन्या मशीनवर सोनेरी चित्रांच्या वर लाखेचं पारदर्शक संरक्षण दिलेलं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, अमोनियाचं काचेचं क्लीनर, भांड्याचा साबण, सगळ्यांनी हेच होतं. सोनं एकदा गेलं की खालची चंदेरी-राखाडी छटा उरते आणि ती परत येत नाही.

तेव्हा अंगावर फक्त शिलाई मशीनचं तेल. कापसाच्या मऊ बोळ्यावर घ्या, लहान गोल फिरवा, दाब नको. बोळा काळा झाला की बदला. कुठे सोनेरी रंग बोळ्यावर आला तर त्याच क्षणी तो भाग सोडा. मळ थोडा राहिला तरी चालेल. चमकदार लोखंडी भाग, म्हणजे पट्ट्या, डावीकडचा पत्रा, चाकाची कडा, यांना अतिबारीक, चार शून्य नंबरच्या स्टील वूलने तेल लावून घासता येतं. रंगाजवळ आलात की वूल खाली ठेवा.

आता कुंकू. खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतो आणि शिवणयंत्र त्यात पहिलं असतं. पन्नास वर्षांचं हळदकुंकू, झेंडूचा रस, नारळाचं पाणी आणि अक्षता मशीनच्या दंडावर एकाच जागी साठत जातात. ओलं कुंकू दमट हवेत पाणी धरतं, खाली लाख उखडते आणि धातूला गंज लागतो. मी पूजा थांबवा असं कधीच म्हणणार नाही, मीही करते. विड्याचं पान ठेवायचं आणि हळदकुंकू पानावर वाहायचं. झेंडूची माळ चाकाला न घालता स्टँडला बांधायची. नारळ दारात फोडायचा. दुसऱ्या दिवशी पान उचलायचं आणि फडकं फिरवायचं.

काकूंच्या मशीनवरचं कुंकू मात्र मी काढलं नाही. दंडाच्या मधोमध रुपयाएवढा लाल ठिपका आहे, त्यांच्या सासूबाईंच्या बोटाचा. त्याच्या कडेने तेल फिरवलं आणि तो तसाच ठेवला. रंग देऊन नवं केलेलं मशीन मला म्हणूनच नको असतं. दुकानवाले आग्रह करतात, 'ताई, पावडर कोटिंग करून देतो'. नको म्हणा. रंग दिला की नक्षी, झीज, ठिपका, सगळं एका दुपारी जातं.

टीप बसवणं

तेलाचा नियम सोपा: जिथे भोक आहे तिथे थेंब, जिथे दोन धातू घासतात तिथे थेंब. एकच थेंब. रोज शिवत असाल तर आठवड्याला, नाहीतर महिन्यातून एकदा. विजेची मोटर असेल तर तिच्यात हे तेल घालू नका, जुन्या सिंगर मोटरला ग्रीस लागतं. आणि जुनी वायर रबर तडकलेली असेल तर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतल्याशिवाय प्लग लावूच नका. अमेरिकेहून आलेलं मशीन ११० व्होल्टचं असू शकतं.

मग नवी सुई. २७, २८, ६६ आणि १५ ला साधी घरगुती सुई चालते, बाजारात सगळ्यात जास्त मिळणारी. सुती कापडाला १४ नंबर, पातळ कापडाला ११, जाड जीनला १६. सुईच्या डोक्याची सपाट बाजू नेहमी शटलच्या दिशेला, आणि दोरा लांब खोबणीच्या बाजूने आत. 'मशीन टाके सोडतं' म्हणून माझ्याकडे आलेल्या दहातल्या सहा मशीनमध्ये सुई उलटी होती.

दोरा ओवताना फूट वर उचललेलं असू द्या, म्हणजे टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. ओवून झालं की फूट खाली. आता वर लाल रीळ, बॉबिनमध्ये पांढरी, आणि मांजरपाटाचा दुहेरी तुकडा. एक वीत शिवा. कापडाच्या खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे फासे दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे, किंवा दोरा चकत्यांत बसलेलाच नाही. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचं घट्ट. नेहमी वरचाच स्क्रू आधी फिरवा, पाव फेरी, आणि परत शिवून बघा. बॉबिन केसचा स्क्रू शेवटी, तोही सुईच्या टोकाइतका. फासे दोन्ही कापडांच्या मध्ये लपले, दोन्हीकडून टीप सारखी दिसली, की झालं.

पायमशीनचा चामडी पट्टा साधारण पाच मिलिमीटर जाडीचा असतो. रविवार पेठेत बोहरी आळीकडे हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. चाकावरून घालून मापून, एक बोट सैल ठेवून कापा, टोकाला भोक पाडून तारेची क्लिप दाबा. महिन्याभरात ताणला की सेंटिमीटरभर कमी करा. फार घट्ट पट्टा पाय दमवतो आणि बेअरिंग झिजवतो. स्टँडच्या पायडलपासून चाकाला जाणाऱ्या दांडीच्या दोन्ही टोकांना तेल द्यायला लोक विसरतात. खडखड बहुतेक तिथूनच येते. लाकडाला अळशीचं तेल, अगदी पातळ हात, आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने उतरवणं. एवढं पुरे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हे पुण्यातल्या मशीनचे खरे कसोटीचे महिने. प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत ओल कोंडते आणि सकाळी चाकावर घामाचे थेंब दिसतात. जुनी सुती साडी दुहेरी करून घाला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. मशीन बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर तर मुळीच नको. फुटाखाली कापडाचा तुकडा ठेवा, म्हणजे कापड पुढे सरकवणारे दाते आणि फूट एकमेकांवर घासत नाहीत. दर पंधरा दिवसांनी चाक वीस वेळा फिरवा आणि चमकदार भागांवरून तेलाचा बोळा फिरवा. सप्टेंबर संपेपर्यंत हे चुकवू नका.

प्रत्येक मशीनसाठी मी वहीत एक पान ठेवते: क्रमांक, मॉडेल, सुई कोणती, बॉबिन कोणती, कधी उघडलं, काय बदललं, आणि कुणाचं होतं. पेटीच्या खणात जे सापडतं ते तिथेच परत ठेवते, हुक-बटणांची डबी, खडूचा तुकडा, मापांची चिठ्ठी. काकूंच्या खणात पोलक्याचं माप लिहिलेला कागद होता, छाती ३०, लांबी १४, खाली 'शकूचं' एवढंच. काकूंना दाखवला तर म्हणाल्या, "माझी नणंद." पुढच्या जानेवारीत त्यांनी फोन केला, नवीन घरात, थंडी चांगलीच पडली होती. मशीन चाललंय, उशांचे अभ्रे शिवते आहे, आणि तेलाची बाटली संपत आली, दुसरी कुठून आणू?